फ्लॉपची शिक्षा मोठी की पक्की?

प्रश्न असा आहे: एनबीए या अमेरिकन व्यावसायिक बास्केटबॉल लीगमध्ये फाऊल झाल्याचं सोंग घेऊन पडणाऱ्या (यालाच फ्लॉप म्हणतात) खेळाडूला शिक्षा म्हणून समोरच्या संघाला एक फ्री थ्रो मिळतो आणि खेळाडूला २,००० डॉलर दंड होतो. कोट्यवधी कमावणाऱ्याला याची काय भीती? सरळ सामन्याबाहेर काढा, पुढचे दोन सामने बंदी घाला, महिनाभरात हा प्रकार थांबेल. असं कुणी का करत नाही? आणि प्रश्नाच्या शेवटी एक ओळ जोडली आहे: जो खरोखर मार खाऊनही उभा राहतो, त्याला फाऊल का मिळत नाही?

मी बावीस वर्षं बास्केटबॉलची पंचगिरी करतो आहे आणि गेली काही वर्षं नवे पंच तयार करतो. माझे जवळजवळ सगळे सामने फिबाच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाच्या नियमांनी झाले. एनबीएत मी कधी शिट्टी वाजवलेली नाही. तिथले नियम, तिथलं चित्रण मी अभ्यासाचा भाग म्हणून बघत आलो आहे, तेव्हा तिथल्याबद्दल जे सांगेन ते बाहेरून पाहणाऱ्या पंचाचं मत समजा. तुमचा राग मला पटतो. फ्लॉप ही चोरी आहे: समोरच्याच्या खात्यावर न केलेला फाऊल लागतो आणि तो सहाव्या फाऊलला सामन्याबाहेर जातो. फिबाच्या नियमांत तर पाचव्यालाच. पण शिक्षा किती मोठी, हा प्रश्न मी दुसऱ्या नंबरवर ठेवतो. आधी हे विचारायला हवं की दहा फ्लॉपपैकी किती पकडले जातात, आणि न पकडलेल्यांतून खेळाडूला काय मिळतं.

थोडा हिशेब करू. एनबीएत सरासरी शंभरातले ७८च्या आसपास फ्री थ्रो पडतात. म्हणजे दोन फ्री थ्रो मिळाले की संघाला सरासरी दीड गुणापेक्षा थोडं जास्त. नेहमीच्या एका चढाईतून सरासरी १.१ गुणाच्या थोडं वर मिळतं. तेव्हा शॉट घेताना खोटा फाऊल मिळवला तर निव्वळ फायदा साधारण ०.४ गुणांचा, शिवाय बचावपटूच्या नावावर एक फाऊल. पकडला गेला तर समोरच्याला एक फ्री थ्रो, म्हणजे पाऊण गुणाच्या जरा वर नुकसान. आता समजा दहा वेळा पडलं, चारदा शिट्टी आपल्या बाजूने वाजली आणि एकदाच पकडले गेलो. चारदा ०.४ म्हणजे १.६ मिळाले आणि ०.७८ गेले. धंदा फायद्यात. तेच दहातून तीनदा पकडले गेलो तर २.३ गेले, धंदा बुडाला. यात शिक्षा तीच आहे, फक्त ती होण्याची शक्यता बदलली. उरलेल्या वेळी, जेव्हा शिट्टीच वाजत नाही, तेव्हाही पडलेल्याला किंमत मोजावी लागते. तो जमिनीवर असतो आणि त्याचा संघ परत धावताना चारच जणांचा असतो. चांगले प्रशिक्षक खेळाडूंना हीच गोष्ट दाखवून फ्लॉप सोडायला लावतात.

बचावपटू चार्ज (जागेवर उभ्या बचावपटूवर आक्रमक धडकल्याचा फाऊल) मिळवण्यासाठी खोटा पडतो तेव्हा लोभ आणखी मोठा असतो. समोरच्याची अख्खी चढाई संपते, चेंडू आपल्याकडे येतो आणि आक्रमकाच्या नावावर फाऊल लागतो. म्हणून माझ्या अनुभवात सर्वात सफाईदार सोंग बचावपटूंचं असतं. एनबीएने १९९७-९८च्या हंगामात बास्केटखाली चार फुटांचा अर्धवर्तुळाकार पट्टा आणला आणि त्याच्या आत उभं राहून चार्ज मिळवण्याची वाट बंद केली. त्या नियमात कुणालाही दंड करण्याची गरज पडली नाही. तिथे पडण्यातली कमाईच काढून घेतली, हे लक्षात ठेवा, कारण पुढे याकडे परत यायचं आहे.

आता तुमची सूचना घेऊ: सामन्याबाहेर काढायचं. शिक्षा एवढी मोठी केली की ती देणाऱ्याचा हात आखडतो. मैदानावर माझ्याकडे निर्णयाला जेमतेम एक सेकंद असतो. एक फ्री थ्रो द्यायचा असेल तर मला ऐंशी टक्के खात्री पुरते. एखाद्याला घरी पाठवायचं असेल तर शंभर टक्के खात्री हवी, आणि नाटक होतं याची शंभर टक्के खात्री फार क्वचित होते, कारण तिथे मला खेळाडूचा हेतू ठरवायचा असतो. परिणाम असा होईल की नियम कागदावर कडक दिसेल आणि शिट्टी वाजणारच नाही. वरच्या हिशेबातली शक्यता दहातून तीनवरून शंभरातून एकवर येईल, आणि उरलेले नव्याण्णव फ्लॉप पूर्वीसारखेच फायद्यात राहतील.

माझ्या हातून झालेली एक चूक सांगतो. माझ्या पंचगिरीच्या सहाव्या-सातव्या वर्षी एका उपांत्य सामन्यात एक गार्ड स्क्रीनवर, म्हणजे वाट अडवून उभ्या राहिलेल्या विरोधी खेळाडूवर, आदळून तोंड धरून पडला. मी मागून बघत होतो, मला दोघांच्या मधली फट दिसत नव्हती. पडणं मोठं वाटलं, ओरडणंही मोठं होतं, आणि मी खोट्या फाऊलची ताकीद दिली. मुलाने हात बाजूला केला तेव्हा दात रक्ताने माखलेले होते. स्क्रीन लावणाऱ्याचं कोपर बाहेर आलेलं होतं आणि ते मला दिसलं नव्हतं. त्याला मार बसला होता आणि वर मी सगळ्यांसमोर त्याला खोटारडा ठरवलं. सामन्यानंतर मी त्याची आणि त्याच्या प्रशिक्षकांची माफी मागितली. ती ताकीद होती म्हणून निदान सामना पुढे गेला. तिथे त्याला बाहेर काढलं असतं तर ती चूक भरून काढायला माझ्याकडे काहीच नव्हतं. शिक्षेचा आकार ठरवताना ती खोट्याबरोबर कधीतरी खऱ्यालाही लागणार, हे धरूनच चालावं लागतं.

मग ओळखायचं कसं? पंचांना पहिल्या दिवसापासून सांगतात की चेंडूकडे नव्हे, आधी बचावपटूकडे बघ. तो जागेवर होता का, सरळ वर उडी घेतली का, की दुसऱ्याच्या जागेत घुसला. यातून स्पर्श कायदेशीर की बेकायदा ते कळतं. सोंग ओळखण्यासाठी मी आणखी काही गोष्टी बघतो. धक्का कुठे लागला आणि शरीर कुठे गेलं, हे जुळतंय का? धक्का कमरेला आणि मान मागे फेकली गेली, तर काहीतरी गडबड आहे. वेळ बघतो: स्पर्श झाला, मग क्षणभर काहीच नाही, मग अचानक उड्डाण. हात बघतो: खरोखर तोल गेलेला माणूस हात जमिनीकडे नेतो, स्वतःला सावरायला बघतो. सोंग करणाऱ्याचे दोन्ही हात बहुधा हवेत जातात. आणि डोळे. पडता पडता जो पंचाकडे बघतो त्याच्याबद्दल मला शंका येते.

पण यातली एकही खूण एकटी पुरत नाही. मागे धावणारा किंवा एका पायावर असलेला बचावपटू बोटाच्या धक्क्यानेही पडू शकतो. उंच, वजनदार सेंटर हलक्या गार्डने ढकलल्यावर कोलमडला तर प्रेक्षक हसतात, पण तो त्या क्षणी पाय बदलत असेल तर ते अगदी शक्य आहे. कोन चुकीचा असेल, दोघांच्या मधली मोकळी जागा दिसत नसेल, तर मी सोंगाचा निर्णय देत नाही. दोन पंच असलेल्या सामन्यात असा बंद कोन वारंवार येतो, तीन पंच असले की बराच कमी. म्हणूनच तुमच्या प्रश्नाचं उत्तर लीगप्रमाणे बदलतं. तीन पंच, रिप्ले आणि पूर्णवेळ पंचव्यवस्था असलेल्या व्यावसायिक लीगमध्ये जे जमेल ते दोन पंचांच्या स्पर्धेत लादलं तर अन्यायच वाढेल.

एनबीएने दोन वेगळे मार्ग वापरून पाहिले आहेत. पहिला २०१२-१३च्या हंगामापासूनचा. सामना झाल्यावर लीगचं कार्यालय चित्रण बघायचं. पहिल्या फ्लॉपला ताकीद, दुसऱ्याला ५,००० डॉलर, मग १०,०००, १५,०००, ३०,००० आणि सहाव्या वेळी बंदीपर्यंत जाऊ शकेल अशी चढती शिक्षा. पहिला दंड रेगी इव्हान्सला झाला. मे २०१३मध्ये मायामी आणि इंडियाना यांच्यातल्या ईस्टर्न कॉन्फरन्स अंतिम फेरीत लेब्रॉन जेम्स, डेव्हिड वेस्ट आणि लान्स स्टीफन्सन या तिघांना प्रत्येकी ५,००० डॉलरचा दंड झाला. त्यात जेम्ससारखा सर्वात मोठा खेळाडू होता, म्हणजे लीग डोळेझाक करत नव्हती. पण दंड नंतर लागला. ज्या सामन्यात सोंग झालं त्याचा गुणफलक, ज्याच्यावर खोटा फाऊल लागला त्याची फाऊलसंख्या, सगळं तसंच राहिलं. प्लेऑफमध्ये, म्हणजे हंगामाच्या शेवटच्या बाद फेऱ्यांत, एखाद्या चढाईवर हंगाम फिरू शकतो. तिथे खेळाडू ५,००० डॉलर खर्च समजून भरून टाकतो.

दुसरा मार्ग २०२३-२४पासूनचा, तुम्ही म्हणता तो. पंच सामन्यातच फ्लॉप जाहीर करतो, टेक्निकल फाऊल (अंगाला लागण्याचा नव्हे, वागणुकीच्या चुकीचा फाऊल) देतो आणि समोरचा संघ एक फ्री थ्रो घेतो. हा बेशिस्तीच्या टेक्निकलमध्ये मोजत नाहीत, त्यामुळे असे दोन झाले म्हणून खेळाडू बाहेर जात नाही. पंचाला चालू खेळ लगेच थांबवावा लागत नाही, योग्य ठिकाणी खेळ थांबल्यावर तो देता येतो. प्रशिक्षकाला फ्लॉप मागण्यासाठी चॅलेंज (निर्णय रिप्लेवर तपासण्याची मागणी) वापरता येत नाही, पण पंच दुसऱ्या कारणाने रिप्ले बघत असताना फ्लॉप दिसला तर देऊ शकतात. यातली मला सर्वात शहाणपणाची वाटणारी तरतूद फारशी चर्चेत येत नाही: एकाच प्रसंगात बचावपटूवर फाऊल आणि आक्रमकावर फ्लॉप, दोन्ही देता येतात. माझ्या अनुभवात मैदानावर बहुतेक वेळा असंच घडतं. हात खरंच लागलेला असतो, पण खेळाडू गोळी लागल्यासारखा पडतो. जुन्या विचारात पंचाला दोनपैकी एक निवडावं लागायचं: फाऊल दिला तर नाटक पचलं, नाही दिला तर खरा फाऊल बुडाला. आइस हॉकीच्या एनएचएल लीगमध्येही असं दुहेरी शिक्षेचं कलम आहे आणि बास्केटबॉललाही ते फार उपयोगी आहे असं मला वाटतं.

२,००० डॉलरबद्दल तुमचं म्हणणं बरोबर आहे. २०२३-२४मध्ये नवख्या खेळाडूचं किमान मानधन ११ लाख डॉलरच्या वर होतं. ८२ सामन्यांत वाटलं तर सामन्याला साधारण साडेतेरा हजार. त्याच्यासाठी २,००० म्हणजे एका सामन्याच्या कमाईचा सातवा हिस्सा, थोडंफार लागतं. वर्षाला चार कोटी डॉलर घेणाऱ्यासाठी ते एका सामन्याच्या अर्ध्या टक्क्याहून कमी आहे. तेव्हा दंडाच्या रकमेवर मी काही उभारणार नाही. माझा भर त्या एका फ्री थ्रोवर आहे. तो त्याच सामन्यात, सगळ्यांदेखत, त्याच्या सहकाऱ्यांच्या खिशातून जातो. चौथ्या क्वार्टरमध्ये दोन गुणांच्या फरकावर कुणी फ्लॉपचा टेक्निकल घेतला तर बाकावरचे सहकारी त्याच्याकडे कसे बघतात, हे मी पाहिलं आहे. त्या नजरेचा धाक मोठा असतो.

फिबाच्या पद्धतीत सहसा आधी ताकीद असते: पंच कोपरापासून हात दोनदा वर नेऊन खूण करतो, खेळ थांबल्यावर खेळाडूला आणि प्रशिक्षकाला सांगतो. ताकीद एका खेळाडूपुरती नसून पूर्ण संघाला लागू होते, म्हणजे पुढचं सोंग दुसऱ्या कुणीही केलं तरी टेक्निकल. मी हीच पद्धत वापरत आलो. संघाला एक ताकीद गेली की प्रशिक्षकच ओरडून सांगतो, आता कुणी पडू नका. व्यावसायिक स्तरावर मात्र मी ताकीद काढून टाकेन. तिथल्या खेळाडूला नियम आधीच माहीत असतो, आणि ताकीद म्हणजे प्रत्येक संघाला एक फुकटचा फ्लॉप.

लोक फुटबॉलचं उदाहरण देतात. इंग्लंडमध्ये २०१७-१८पासून पंचाला फसवून पेनल्टी मिळवणाऱ्याला किंवा विरोधकाला बाहेर काढायला लावणाऱ्याला सामन्यानंतर दोन सामन्यांची बंदी घालता येते. प्रीमियर लीगमध्ये एव्हर्टनचा ऊमार नियास याच कलमाखाली पहिला सापडला. तिथे ते शोभतं, कारण पेनल्टी क्वचित मिळते आणि एकाच पेनल्टीवर सामना जातो. अशी मोजकी प्रकरणं तीन जणांची समिती शांतपणे बघू शकते. बास्केटबॉलमध्ये एका सामन्यात दोन्ही संघांच्या मिळून दोनशेच्या आसपास चढाया होतात आणि जवळजवळ प्रत्येकीत अंगाला अंग लागतं. प्रत्येक शंकास्पद पडण्यावर समिती बसवता येणार नाही. पण सराईतांसाठी बंदी मला मान्य आहे. एनबीएत एका हंगामात १६ टेक्निकल झाले की एका सामन्याची बंदी येते आणि फ्लॉपचे टेक्निकल त्यात धरत नाहीत. मी त्यांची वेगळी मोजणी ठेवेन, पंचांनी पकडलेले आणि दुसऱ्या दिवशी चित्रणात स्पष्ट दिसलेले दोन्ही धरून, आणि ठरावीक संख्येला एक सामना बंदी. तिथे घाई नसते, सगळे कोन उपलब्ध असतात आणि एका चुकीवर कुणाचा सामना जात नाही. ती संख्या पाच असावी की आठ, हे त्या लीगमध्ये एका हंगामात मुळात किती पकडले जातात त्यावर ठरेल.

आता चार्जच्या पट्ट्यापाशी सोडलेला मुद्दा. फ्लॉपचा एक भाऊबंद आहे, त्यात स्पर्श खरा असतो पण तो मुद्दाम घडवून आणलेला असतो. ड्रिबल करताना एकदम थांबायचं म्हणजे मागचा धडकेल. शॉट घेताना बाजूला उडी मारून बचावपटूच्या अंगावर जायचं. त्याच्या हातात आपला हात अडकवायचा. पाय आडवा फेकायचा. यात कुणी खोटं पडत नाही, त्यामुळे फ्लॉपचा नियम इथे लागू होत नाही. एनबीएने २०२१-२२च्या सुरुवातीला पंचांना सांगितलं की असल्या अनैसर्गिक हालचालींना फाऊल द्यायचा नाही, आणि स्पर्श जास्त असेल तर आक्रमकावरच द्यायचा. जेम्स हार्डन, ट्रे यंग यांच्यासारखे अशा फाऊलवर भरपूर गुण मिळवणारे खेळाडू त्या हंगामाच्या पहिल्या आठवड्यांत स्पष्टपणे चाचपडताना दिसले, आणि लीगभर फ्री थ्रो कमी झाले. कुणावर दंड नाही, कुणाला बंदी नाही. त्या युक्तीला मिळणारं बक्षीस थांबवलं आणि खेळाडूंनी काही आठवड्यांत आपला खेळ बदलला. मला विचाराल तर फ्लॉपविरुद्धचं सर्वात मोठं यश हेच आहे, आणि ते शिक्षेच्या कलमातून आलेलं नाही.

इथून तुमच्या शेवटच्या ओळीकडे येतो. मार खाऊनही उभा राहणाऱ्याला फाऊल मिळत नाही, कारण आम्ही पंच पडण्याला फाऊलचा पुरावा मानत आलो. चेंडू घेऊन बास्केटकडे घुसणाऱ्याच्या कमरेला धक्का बसला, त्याची लय तुटली, वेग गेला, तोल हलला, तरी तो ताकदीने शॉटपर्यंत पोहोचला आणि शॉट चुकला, तर कित्येक पंच शिट्टी वाजवत नाहीत. तोच खेळाडू पुढच्या वेळी आडवा पडतो आणि शिट्टी वाजते. त्याला फ्लॉप कुणी शिकवला? त्या दोन चढायांनी शिकवला. एका मुलाने मला विश्रांतीच्या वेळी शांतपणे विचारलं होतं, सर, पडलो तरच देणार का? माझ्याकडे चांगलं उत्तर नव्हतं.

म्हणून प्रशिक्षण वर्गात मी आता एक गोष्ट हमखास करतो. सामन्यातल्या प्रसंगांचं चित्रण आवाज बंद करून दाखवतो आणि स्पर्श झाल्यावर लगेच, खेळाडू पडायच्या किंवा सावरायच्या आधी, थांबवतो. निर्णय तिथेच लिहून द्यायचा. बचावपटू कुठे होता, स्पर्श कुठे झाला, लय, वेग, तोल, चपळाई यांतलं काय बिघडलं, एवढ्यावरच. मग पुढचं दाखवतो. पहिल्या दोन-तीन बैठकांत पडलेलं दिसल्यावर निम्मे पंच लिहिलेला निर्णय बदलायला बघतात. मी बदलू देत नाही. साधारण पाचव्या-सहाव्या बैठकीपर्यंत उभं राहिलेल्यांना मिळणारे फाऊल वाढतात, आणि तेव्हा कुठे मी त्यांना खोट्या फाऊलची खूण करायला शिकवतो.